माईकवाल्याची बायको

निवृत्त मुख्याध्यापक झाडांवरून नदीवर आणि नदीवरून स्वतःच्या बालपणावर आले, तेव्हा व्यासपीठावरच्या पालिकेच्या मॅडमनी हळूच एक बोट वर केलं. सभागृहाच्या पार मागे टेबलाशी बसलेल्या माईकवाल्याला तेवढी खूण पुरेशी होती. त्यानं बटण एकदम खाली ओढलं नाही. आधी थोडी खरखर सोडली, मग आवाज जरा बसवला, मग पुरता घालवला. मुख्याध्यापकांनी माईक दोनदा ठोकून पाहिला, यंत्रांचं काही खरं नाही असं पुटपुटले आणि मानानं खाली बसले.

ही माईकवाल्याची कला. साप मरावा आणि काठीही तुटू नये, अशी. सरळ माईक बंद केला तर माणूस भडकतो, दोन मिनिटांचा नियम कुणी केला म्हणून भांडतो. यंत्र बिघडलं म्हटलं, की बिचारा नशिबाला बोल लावून गप्प होतो. या कलेमुळेच पालिकेच्या सगळ्या सभा त्याला मिळत. सभेत काय बोललं जातं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आवाज फाटतोय का, घुमतोय का, एवढंच तो ऐकायचा. लोक हवामानावर बोलोत नाहीतर गटारावर, त्याला दोन्ही सारखेच.

आजची सभा शहराच्या हवामान आराखड्यावर लोकांच्या सूचना घेण्यासाठी होती. वस्त्यावस्त्यांतून माणसं बोलावली होती. शहर किती तापलं आणि पुढे किती तापेल, हे मॅडमनी सुरुवातीलाच पडद्यावर दाखवलं होतं. बाई तळमळीनं बोलल्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. "एक मात्र समाधान आहे," त्या शेवटी म्हणाल्या होत्या, "गेल्या उन्हाळ्यात एवढी लाट येऊनही शहरात उष्म्यानं एकही मृत्यू झाला नाही." पडद्यावर भलंमोठं शून्य आलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मुख्याध्यापकांनंतर एकजण सायकलींवर बोलला, एकानं शेजाऱ्याच्या जनरेटरवर राग काढला. मग खिडकीकडच्या रांगेतून एक बाई उठली. माईक तिनं अगदी ओठांना लावला, म्हणून माईकवाल्यानं आवाज थोडा कमी केला. पाठमोरी होती, चेहरा दिसत नव्हता.

"मी पहिल्यांदाच बोलतेय," ती म्हणाली. "तुमचा तो आकडा चुकलाय."

माईकवाल्याचा हात जागीच थांबला. हा आवाज त्यानं रोज ऐकला होता, पण कर्ण्यातून कधीच नाही, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. ती त्याची बायको होती.

सकाळी ती म्हणाली होती, गल्लीतल्या बायकांबरोबर जाऊन येते. कुठे, हे त्यानं विचारलं नव्हतं. घरात दोघांचं बोलणं कामापुरतं. आणि आता ती चारशे माणसांसमोर उभी होती.

"आम्ही वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली राहतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. डॉक्टरांनी म्हातारपण लिहिलं. मीही सगळ्यांना झोपेत गेल्या असंच सांगितलं, घरच्यांनासुद्धा. पण त्या झोपेत नाही गेल्या."

 आई भाग्याची, झोपेत गेली, असं माईकवाला भेटेल त्याला सांगत आला होता. त्या एका वाक्याच्या आधारावर त्यानं हे वर्ष काढलं होतं.

बायको सांगत होती. वीज दुपारीच गेली होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम यायचा थांबलेला. तिनं चादरी भिजवून गुंडाळल्या, त्या बघता बघता वाळल्या. खाली न्यायला दोन शेजारणी आल्या, पण सासूबाई कुणाला हात लावू देईनात, भाजतंय म्हणत होत्या. संध्याकाळपर्यंत हे चाललं. इतक्या वर्षांच्या सभांमध्ये आज पहिल्यांदाच माईकवाला शब्द न् शब्द ऐकत होता.

"म्हणून म्हणते, त्या शून्यात एक धरा," ती म्हणाली. "शेवटी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या..."

मॅडमचं बोट वर गेलं.

आणि माईकवाल्याचा हात चालला. थोडी खरखर, मग बसका आवाज, मग काहीच नाही. सगळं बिनचूक. आपण काय केलं, हे त्याला कळलं तेव्हा बायको माईक खाली धरून तशीच बोलत होती आणि ते ऐकू येणाऱ्या पुढच्या रांगांतल्या माना एकेक करून खाली जात होत्या. त्यानं धडपडून बटण वर ढकललं. कर्णा किंचाळला. तोवर ती माईक परत देऊन बसलीही होती.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, नोंद घेतली आहे असं जड आवाजात म्हणाल्या. मग पुढचे गृहस्थ गच्चीवरच्या बागांबद्दल बोलायला उठले.

सभा संपल्यावर मुख्याध्यापक मुद्दाम मागे आले. त्या ताईंचं शेवटचं बोलणं काळजाला भिडलं, म्हणाले. तुम्ही तर ऐकलंच असेल, सगळं तुमच्याच हातात. माईकवाल्यानं नुसती मान हलवली.

सभागृह रिकामं झालं. तो वायर गुंडाळत असताना बायको टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सभा तुमची आहे, हे इथे आल्यावर कळलं," ती म्हणाली. "मी गप्पच बसणार होते. पण ते शून्य बघून बसवेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही परगावी कार्यक्रमाला होता. सांगितलं असतं तर जन्मभर मनाला लावून घेतलं असतं." तिनं टेबलावरच्या माईककडे बघितलं. "माईक मध्येच बिघडला ना?"

एरवी तो हो म्हणाला असता.

"बिघडला नाही. मी घालवला."

 ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"शेवटचं ऐकू आलं नाही मला," तो म्हणाला. "काय म्हणाली आई?"

 नळाचं पाणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "मी तुम्हाला फोन लावत होते. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, नको लावूस. त्याचा कार्यक्रम चालू असेल, मध्येच वाजेल."

माईकवाला कर्ण्याच्या खोक्यावर बसला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बायकोनं त्याच्या हातातली अर्धी वायर घेतली आणि उरलेली गुंडाळायला लागली. ती पीळ देऊन, चुकीची गुंडाळत होती. त्याला दिसत होतं, पण त्यानं तिला तशीच गुंडाळू दिली.