साखरशेत नावाचा तारा

दोन हजार सातची गोष्ट. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली होती. तालुक्याच्या कचेरीत वीस वर्षं गावांच्या याद्या हाताने लिहिणारी पुष्पलता वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जव्हारच्या बाजारातल्या भावेशच्या क्लासात माउस धरायला बसली. भावेश मोखाड्याचा, तिशीतला, दोन मुलींचा बाप. "मावशी, खुरपं नाही ते, हलकं धरा," असं त्याने शंभरदा तरी सांगितलं असेल.

हात बसावा म्हणून त्यानेच तिला एक खेळ लावून दिला. अवकाशयानांचा. जगभरचे लोक एकाच वेळी एकाच आकाशात हिंडायचे. परीक्षा पास झाली, खेळ काही सुटला नाही. कचेरी सुटली की साडेपाच ते सात, वीज असेल तर, पुष्पलता आकाशात.

लढायांत तिला रस नव्हता. तिचं यान लहानसं, बिनबंदुकीचं. अंधारात दूरवर शोधयंत्रं सोडायची, त्यांचे आकडे वहीत मांडायचे, रेघा मारायच्या आणि तीन रेघा मिळतील तिथे जायचं. कुणी न पाहिलेला तारा सापडला तर त्याला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. आठ दिवस खपून सापडलेल्या ताऱ्याला तिने माहेरचं नाव दिलं, साखरशेत. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात तिला कधीच न दिसलेलं ते गाव आता सगळ्या जगाच्या नकाशावर होतं. त्या दिवशी वीज गेल्यावरही ती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती.

ताऱ्याभोवती खनिजाच्या खडकांचा पट्टा होता. ती तिथे खणायची, पण चौथा हिस्सा दर वेळी राखून ठेवायची.

नोव्हेंबरात कंपनीने नियम बदलले. भावेशने पत्रक वाचून सांगितलं, "शोध घेणाऱ्यांना धोका कमी आणि मिळकत जास्त, लढणाऱ्यांवर अन्याय होतो, म्हणून समतोल साधतायत म्हणे. आता शोधयंत्रं सगळ्यांना सगळं आपोआप दाखवणार. तुमची वही गेली कामातून."

"जाऊ दे."

"पुढे ऐका. पंधरा दिवसांत जो पट्टा पुरता रिकामा होणार नाही, तो बेवारस. त्याच्या ताऱ्याचं नाव पुसणार, आणि जो पट्टा रिकामा करेल तो ताऱ्याला आपलं नाव देणार."

"बेवारस कसा? मी आहे ना तिथे!"

"मग उपसा उरलेलं. दोन संध्याकाळींचं काम." त्याने पट्टा मोठा करून पाहिला. "पण एवढं ठेवलंत कशाला?"

"परत उगवायला."

भावेश खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईतो हसला. "मावशी, दगड आहेत ते! या खेळात काही उगवत नाही. चार महिने तुम्ही दगडांचं बियाणं राखलंत!"

पुष्पलताचे कान तापले. लहानपणी आईबरोबर रानात करांदे खणायला जायची, तेव्हा कंदाचं डोकं परत मातीत पुरल्याशिवाय आई जागेवरून उठू द्यायची नाही. ते हातात इतकं मुरलं होतं, की आकाशात दगड उगवतात का, हे कुणाला विचारावंसंही तिला वाटलं नव्हतं.

रविवारी ती साखरशेतला गेली. आई, भागी, अंगणात नागली पाखडत होती. आकाशातलं तिला काही उमगलं नाही. गावाचं नाव पुसणार, एवढं मात्र कळलं.

"मंग काढ ना सगळा. दगडच हाय तं."

"अगं, तूच शिकवलंस ना ठेवायला!"

"मी करांद्याचा शिकवला, दगडाचा नाय." भागीचं सूप थांबलं. "पन सगळा काढ, असा सांगतं कोन?"

"कंपनी."

"जागा कोनी शोधली?"

"मी."

"मंग नको काढू," भागी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. "त्याच्या सांगन्यावरून तं मुळीच नको."

पंधराव्या दिवशी पट्ट्याबाहेर पाच मोठी यानं येऊन थांबली होती. त्यातल्या एकाने लिहिलं, "सहापर्यंत तुझा वेळ. नंतर आम्ही काढणार."

पुष्पलताने मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं, "मी काढणार नाही. तुम्हीही चौथा हिस्सा ठेवा."

"कशासाठी?"

"मागून येणाऱ्यासाठी."

पलीकडून हसण्याची चित्रं आली. सहा वाजले आणि नकाशावरून साखरशेत हे नाव गेलं. तिने आपलं यान थेट त्यांच्या खणायच्या यंत्रांपुढे नेऊन उभं केलं. त्यांनी ते उडवलं. फुकट मिळणारं अगदी साधं यान घेऊन ती परत आली. तेही उडवलं. ती तिसऱ्यांदा आली.

"बाई, तुला यातून काय मिळणार?" त्यांनी विचारलं.

"तुमचा वेळ जाईल," तिने लिहिलं.

पावणेसातला पट्टा रिकामा झाला. भावेश हळूच म्हणाला, "सोडा मावशी. नियमच तसा केलाय."

"उद्या येते," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी आली ती सरळ संगणकापुढे बसली. पूर्वी आठ दिवस लागायचे, तिथे नव्या शोधयंत्रांनी दहा मिनिटांत तारा दाखवला. पुसलेलं नाव मोकळंच होतं. तिने ते पहिल्याच ताऱ्याला दिलं. दुसऱ्याला जामसर. तिसऱ्याला दाभोसा. तिथल्या खडकांना तिने हातही लावला नाही.

भावेश मागे येऊन उभा राहिला. "पंधरा दिवसांनी हीही पुसतील."

"पुसू देत. तालुक्यात शंभरावर गावं आहेत, पाडे वेगळेच. सगळे मला पाठ आहेत. ते संपले तर तुझा मोखाडा आहे."

"मोखाड्यातलं आमचं गाव आधी घ्या की मग," भावेश म्हणाला.

"रांगेत थांब," पुष्पलता म्हणाली आणि चौथ्या ताऱ्याकडे निघाली.