एका कंपनीची सायकल

"दाबा," मिस्त्री म्हणाला.

सोवळेबुवांनी ब्रेक दाबला.

"अहो, दाबा की!"

"दाबलाय."

मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. ब्रेकची रबरं जागची हलली नव्हती. त्याने मान वर केली तर बुवांच्या कपाळावर घाम आलेला, उजव्या हाताची बोटं लिव्हरवर पांढरी पडलेली, आणि लिव्हर मात्र होती तिथेच. मिस्त्री उठला आणि उगाचच फडक्याला हात पुसत राहिला.

"बरं, आता डाव्या हाताने."

डाव्या हाताने ब्रेक खट्कन लागला.

"झालं तर! एक हात शाबूत आहे. एका हातावर भागवू. मात्र बुवा, आधीच कानावर घालतो, तुमच्या त्या एकाच कंपनीच्या सामानात हे जमायचं नाही. दुसऱ्या कंपन्यांचं घ्यावं लागेल."

"मग राहू दे," बुवा म्हणाले आणि सायकल ढकलत दुकानाबाहेर पडले. त्यांना अजून ती ढकलणंही नीट जमत नव्हतं. दारातल्या पायरीवर पेडल आपटलं, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सोवळेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर त्यांनी नकाशांच्या कचेरीत रेघा ओढल्या आणि तिथे सगळे त्यांना साहेबच म्हणत. हे नाव रविवारच्या मंडळींनी ठेवलेलं. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत सायकली हाणणारी ही मंडळी म्हणजे एक नर्स, एक बेकरीवाला, एक कंपाउंडर, आणि सवड झाली तर खुद्द मिस्त्री. सगळ्यांच्या सायकली जुन्या, शर्यतीच्या, आणि सगळ्यांच्या जोडून जोडून बनवलेल्या. चाकं एका कंपनीची, ब्रेक दुसरीचे, गियर तिसरीचे. जे मिळालं, जे बसलं, ते लावलं. बुवांच्या सायकलीला मात्र परक्या कंपनीचा स्क्रूसुद्धा शिवलेला चालत नसे.

ती फ्रेम त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली होती, आणि मग ब्रेक, क्रँक, हब, गियर असा एकेक भाग त्याच कंपनीचा गाठून जमवत गेले. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा बाहेरगावी फिरायला गेली, तेव्हा बायकोला बागेतल्या बाकावर बसवून बुवा पेडलच्या टोपीच्या शोधात जे गायब झाले, ते दुपार कलल्यावर उगवले. टोपी मिळाली होती. तेव्हापासून बायको सायकलीला "माझी सवत" म्हणायची. आधी रागाने म्हणायची, पुढे पुढे सवयीने.

आणि बुवांची जीभ! रविवारी टेकडीच्या पायथ्याशी ते नर्सच्या सायकलीभोवती एक चक्कर मारत आणि विचारत, "ही सायकल आहे की आघाडी सरकार? आज पडणार की उद्या?" बेकरीवाल्याची सायकल त्यांच्या लेखी बारा गावचं पाणी प्यालेली होती. माणसं हसत, कारण चढावर बुवा सगळ्यांच्या पुढे असत आणि वर टाकीपाशी पोचल्यावर प्रत्येकाला आपल्या बाटलीतलं पाणी देत.

मग एके दिवशी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगाचा झटका. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला. जीभही आली, ती फार लांब गेलीच नव्हती. उजवा हात मात्र पुरता परतला नाही. कप धरता येई, शर्टाचं बटण जेमतेम लागे, पण जोर म्हणून करायला जावं तर बोटं ऐकतच नसत. डॉक्टर म्हणाले होते, ब्रेक लागत असेल तर खुशाल चालवा.

मिस्त्रीकडून परत आल्यावर बुवांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्यावर चादर टाकली. त्यानंतरच्या रविवारी मंडळी नेहमीप्रमाणे खिडकीखालून गेली. नर्सने घंटी वाजवली. बुवा उठून आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले.

बायकोने दोन रविवार हे बघितलं. तिसऱ्या रविवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, एक विचारू? तुम्हाला सायकल हवीय की कंपनी हवीय?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नसेना का कळत. चाळीस वर्षं तिच्या नावाने बोटं मोडली मी. पण तुम्ही तिच्यावरून घरी यायचात ना, तेव्हा माणसासारखे बोलायचात. आता दिवसभर तोंडातून शब्द नाही. मला भीती वाटते हो. रात्री उठून बघते मी, श्वास चाललाय ना म्हणून."

दुपारी बुवांनी चादर काढली, स्वतःच घडी केली. ती काही नीट झाली नाही.

"तू म्हणतोस तसं कर," दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रीला म्हणाले. "पण काय काय काढणार ते आधी सांग."

मिस्त्रीने सांगितलं. दोन्ही ब्रेक एकाच लिव्हरने ओढायचे तर दोन तारा घेणारी लिव्हर हवी, आणि ती बुवांच्या कंपनीने कधी बनवलीच नव्हती. डाव्या हाताला झेपतील असे हलके ब्रेक तिसऱ्याच कंपनीचे होते. गियरची कळ फ्रेमवरून उचलून हँडलच्या डाव्या टोकाला न्यायची. पायात पूर्वीचा जोर नाही, तेव्हा मागे मोठं दातेरी चक्र हवं. ते बुवांच्या डिरेलरला, म्हणजे चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणाऱ्या मागच्या यंत्राला, झेपणारं नव्हतं. मग डिरेलर बदला. पुढे लहान चक्र हवं, ते त्यांच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, बसेना. मग क्रँक बदला, आणि क्रँक बदलली की मधला अ‍ॅक्सलही बदला.

"म्हणजे राहिलं काय?"

"फ्रेम. चाकांचे हब. सीट. आणि तुम्ही."

बुवांना हसू आलं नाही. ते बराच वेळ हँडलवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक कर. उजव्या बाजूची जुनी लिव्हर राहू दे."

"तिला तार कुठे असणार? नुसतीच लटकेल."

"लटकू दे. मला कुठे दाबायचीय? नुसता हात ठेवायला."

हात ठेवायला वगैरे काही नाही, लोकांना दिसायला, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं होतं. त्याला ते पटलं नाही. पण आजारातून उठलेल्या माणसाला किती गोष्टींना नाही म्हणायचं, म्हणून तो गप्प बसला.

चार कंपन्यांचं सामान, चौघांची चार मापं. एक बसवावं तर दुसरं रुसायचं. मिस्त्रीने कुठे वॉशर घातला, कुठे पत्र्याची पातळ पट्टी कापून सारली, चेनच्या चार कड्या वाढवल्या, नंतर दोन कमी केल्या. शेवटी सायकल स्टँडवर टांगून त्याने पेडल फिरवलं आणि डाव्या टोकाची कळ हळूच सरकवली. चेन कुरकुर न करता मोठ्या चक्रावर चढली. पुढचं चाकही हाताने फिरवून नवी लिव्हर दाबताच दोन्ही चाकं एकदम थांबली. मिस्त्रीने तिथल्या तिथे स्वतःची पाठ थोपटून घेतली, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरामागच्या रस्त्यावर बुवा सायकलीवर बसले. बायको फाटकाशी उभी होती. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला ते जरा लांब, उतारापर्यंत गेले. वारा कानांत शिरला, कितीतरी दिवसांनी त्यांना गाणं गुणगुणावंसं वाटलं, आणि समोरच्या वळणातून एक गाडी मागे मागे येत रस्त्यात आली.

त्यांचा हात गेला तो उजवा. जन्माची सवय, दुसरं काय होणार?

लिव्हर दाबली गेली. सहज, हँडलला टेकेपर्यंत. पडायच्या आधी बुवांना भय वाटलं नाही, आनंद झाला. हात आला, असं त्यांना वाटलं. बोटं मिटली, पूर्ण मिटली, हात परत आला! मग सायकल थांबत नाही हे ध्यानात आलं, आणि डावा हात जागा होईपर्यंत ते शाळेच्या कुंपणात शिरले होते.

गुडघा फुटला, कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. बायकोने जखमा धुतल्या. धुता धुता ती रडत होती आणि रागावतही होती. "शोभेची लिव्हर म्हणे! उद्या तुम्ही गेलात तर लोकांना काय सांगू मी? सायकल फार छान दिसत होती म्हणून?"

"नाही सांगावं लागणार," बुवा म्हणाले.

सकाळी ते लंगडत दुकानात गेले. मिस्त्रीला बातमी आधीच पोचली होती, त्याचा चेहरा पडलेला होता. "माझंच चुकलं, बुवा. मी ठाम नाही म्हणायला हवं होतं."

"तुझं नाही. ती लिव्हर काढ." मग ते म्हणाले, "तार नव्हती ना, म्हणून सहज दाबली गेली. मला वाटलं, हात बरा झाला. इतकं बरं वाटलं रे, त्या एवढ्याशा वेळात."

मिस्त्रीने पान्याने लिव्हर सोडवली. मग मागच्या फळीवरून एक ट्रे आणला. बुवांचा सगळा जुना संच त्याने घासूनपुसून, तेल लावून मऊ कापडात गुंडाळला होता. "घरी घेऊन जा. काचेच्या कपाटात मांडा. असा पूर्ण संच मी दुसरा बघितलेला नाही."

बुवांनी एकेक वस्तू उचलून उजेडात धरली. डिरेलर हातात आला तेव्हा त्यांनी तो डाव्या अंगठ्याने दोनदा मागेपुढे केला.

"नर्सबाईंची चेन उतारावर उडते अजून?"

"उडते की. त्यांचा डिरेलर गेलाय कामातून."

"हा लाव त्यांच्या सायकलीला. क्रँक बेकरीवाल्याला दे, अ‍ॅक्सलसकट दे, नाहीतर बसायची नाही. ब्रेक कंपाउंडरला."

"बुवा, अहो, जन्म गेला हे जमवण्यात तुमचा! एकदा वाटून टाकलं की संपलं, परत एका जागी यायचं नाही हे."

"ठाऊक आहे," बुवा म्हणाले. त्यांनी डिरेलर परत ट्रेमध्ये ठेवला. "कपाटात असलं तर मी रोज त्याच्यासमोर बसून राहीन. घरात आधीच एक माणूस बसून आहे, तेवढं पुरे. लवकर लाव, नाहीतर माझं मन फिरेल."

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी सगळे जमले. बेकरीवाल्याने आभार मानायला तोंड उघडलं, तर बुवा त्याच्यावर खेकसले, "पेडल घट्ट आहे का बघ आधी!" मग मंडळी निघाली.

पहिल्याच वळणावर बुवा मागे पडले. नर्स थांबायला लागली, त्यांनी डावा हात हलवून तिला पुढे घालवलं. तोच हात हँडलच्या टोकाशी आणून त्यांनी कळ सरकवली आणि चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर घेतली. पाय हलके झाले. सायकल माणसाच्या चालीने चढू लागली.

पुढे चढावर ऊन पडलं होतं. बेकरीवाल्याच्या पायांशी क्रँक चकाकत वरखाली होत होती. कंपाउंडरने वळणावर ब्रेक जरासा दाबला, तेव्हा त्याचा ओळखीचा बारीक आवाज खालपर्यंत आला. नर्सने गियर बदलला, आणि चेन अगदी अलगद, जिथे जायला हवी तिथे गेली. बुवांची जुनी सायकल तिघांच्या तीन सायकलींवरून टेकडी चढत होती. बुवा तिच्या मागून, तिच्यावरची नजर न काढता, सावकाश पेडल मारत येत होते.