जुनी जागा

मी भित्री बाई नाही. बेघर माणसांसाठी काम करायचं तर काळीज जरा घट्टच लागतं. पण त्या सकाळी घड्याळवाल्या काकांच्या नव्या खोलीचं दार ठोठावून हात दुखला, आतून हूं नाही की चूं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

काका पुलाखाली राहायचे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून ते नाव. खोलीला हो म्हणावं म्हणून मी किती नाकदुऱ्या काढल्या, आदल्या दिवशी एकदाचे आले. खाट, गादी, पांघरूण, चहाचं सामान, सगळं मीच लावून दिलं. आणि संस्थेच्या शिरस्त्याप्रमाणे सकाळी पुलाखाली यायला कचरागाडीला फोनही मीच केला. माणूस खोलीत गेला की जुनी जागा लगेच मोडायची, म्हणजे पाय मागे वळत नाहीत, असं आमच्या मोठ्या बाईंचं म्हणणं. मलाही ते पटलेलं.

शेवटी माझ्याजवळ असलेल्या संस्थेच्या किल्लीनं दार उघडलं. गादीवर एक सुरकुती नाही. चादर तशीच खाली लोंबतेय, पांघरुणाची घडीही मोडलेली नाही. पिशवी नाही, बूट नाहीत. हाक मारली, ओ नाही.

म्हणजे काका परत गेले. पुलाखालच्या त्या मोठ्या खोक्यात पुठ्ठा ओढून झोपले असणार. आणि गाडी आता तिथंच निघालेली. ती नुसता कचरा भरत नाही, आत दाबून चपटा करते.

दार सताड उघडं टाकून पळत सुटले. ड्रायव्हरचा फोन लागेना. या गुडघ्यांनी मी कशी धावले ते माझं मला ठाऊक. लोकांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. तोंडानं एकच चाललं होतं, थांब रे बाबा, थांब.

पुलाखाली जागा साफ होती. गाडी कोपऱ्यावर घरघरत उभी. मी तिच्या पत्र्यावर दोन्ही हात आपटले. ड्रायव्हर वैतागून उतरला, पण माझं तोंड बघून गप्प झाला. त्यानं यंत्र बंद केलं आणि स्वतः मागं चढून एकेक पुठ्ठा उपसला. मला तिकडं बघवेना. पुठ्ठे, चिंध्या, एक फुटकी बादली. माणूस नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच.

मग काका कुठं?

खोलीवर परतले. या वेळी चादर वर करून वाकले. खाटेखाली, भिंतीला चिकटून, पायात बूट, पिशवी छातीशी धरून काका पडले होते. डोळे टक्क उघडे.

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ओ द्यायला काय झालं होतं? पावलं वाजली की हलायचं नाही, नाहीतर जागेवरून उठवतात, एवढंच त्यांना माहीत. आणि उठवणारेही कधी कधी गोड हाक मारतात, म्हणाले. मग जरा पुढं सरकले.

"ताई, माझं खोकं आहे ना तिथं?"

मी मान हलवली. नाही.

"मग तुम्ही इथून उठवलंत, तर मी जाऊ कुठं?"

ज्या किल्लीनं मी त्यांचं दार उघडलं होतं, ती काढून त्यांच्या हातात ठेवली. आता दुसरी कुणाकडे नाही, दार आतून लावून घ्या, म्हटलं. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते नंतर बघू.

बाहेर येऊन उभी राहिले. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि मी तिथंच पायरीवर बसून रडले.