टाकीतली टरफलं

वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत माशांची टाकी ठेवायची कल्पना सिस्टरचीच. आठ महिन्यांपूर्वी तिने बारा गप्पी मासे आणि एक लहानसा खेकडा आणला. खेकड्याला पाण्याबाहेर येऊन बसता यावं म्हणून एक उंच दगडही आत ठेवला. टीव्हीसमोर डुलक्या काढणारे आजी-आजोबा हळूहळू टाकीकडे खुर्च्या ओढू लागले. सगळ्यांत पुढे पंपवाले. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर झालेली, म्हणून हे नाव. "पाणी म्हणजे माझं माहेर," असं ते म्हणायचे.

एका रविवारी भेटीच्या वेळी खोली पाहुण्यांनी भरली होती. पंपवाल्यांची मुलगीही आली होती. सिस्टर आत आली, तर पंपवाल्यांचा हात टाकीत, आणि तळाशी पांढरे तुकडे.

"काय टाकताय?"

"अंड्याची टरफलं. न्याहारीची. धुऊन, वाळवून, कुटून..."

"कचऱ्याचा डबा आहे का हा? लहान मूल आहात का तुम्ही?"

"अहो, पाण्याला जरा..."

"खिसा रिकामा करा."

सगळ्यांच्या देखत त्यांनी खिसा उलटा केला. पांढरा चुरा फरशीवर सांडला. मुलगी खाली मान घालून पुटपुटली, "बाबा, लोक बघतायत."

त्याच संध्याकाळी सिस्टरने टाकी पूर्ण उपसली, खडे घासले आणि पिण्याच्या फिल्टरचं पाणी भरलं. आपण काहीतरी चांगलं केलं, असंच तिला वाटत होतं.

पंधरा दिवसांत गप्पींनी पंख अंगाला चिकटवून घेतले. तीन मेले. मग खेकडा जुनं कवच टाकू लागला, तो अर्धा बाहेर येऊन अडकला आणि दुपारपर्यंत गेला.

सिस्टर बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेली. त्याने त्यात एक कागदी पट्टी बुडवून पाहिली.

"यात क्षारच नाहीत. फिल्टरचं भरलं ना? नवं कवच धरायला खेकड्याला चुना लागतो. गप्पींनाही असं क्षारांचं जड पाणीच मानवतं, म्हणून तर ही दोघं एकत्र नांदतात. आठ महिने सुरळीत होतं म्हणता? मग कोणी शिंपले, टरफलं असलं काही घालत होतं का?"

सिस्टरचे कान तापले. "माहीत नाही," ती म्हणाली.

परत येताना ते खोटं तिला टोचत राहिलं. ती थेट पंपवाल्यांच्या खोलीवर गेली. ते खाटेवर बसून शर्टाची बटणं लावत होते.

"माझं चुकलं, काका. टरफलांनीच पाणी नीट राहत होतं. पण तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतंत."

"सांगत होतो," ते म्हणाले आणि पुढचं बटण लावू लागले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "पंपवाले काका बरोबर होते. खेकडा माझ्यामुळे मेला. त्यांचा अपमान केला, तेही चुकलं." ऐकू कमी येणाऱ्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणतेय गं?" मग तिला तेच पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. पंपवाले चहाच्या कपात बघत होते.

मग तिने त्यांच्या मुलीला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"त्या दिवशी ते मला फाटकापर्यंत सोडायला आले होते," मुलगी म्हणाली. "मी म्हटलं, इथून काढलं तर कुठे ठेवू तुम्हाला?"

टाकीचं पाणी आता पंपवालेच बघतात. गप्पींना पिल्लं झाली, नवा खेकडाही रुळला. पण पाण्यात हात घालण्याआधी ते दर वेळी विचारतात, "चालेल ना, सिस्टर?"

"विचारू नका हो काका," ती म्हणते.

ते विचारतातच.