चहाच्या डब्यावरची पट्टी

“बाबा, दोन्ही तिकिटं कॅन्सल करतोय. आज शेवटचा दिवस आहे,” रुचिर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

मी ओट्याशी उभा राहून चहाचा डबा पुसत होतो. “संध्याकाळपर्यंत थांब.”

“कशासाठी? आई नाही. तुम्ही एकटे स्पेनला जाऊन काय करणार? खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर स्वतःचा चहा सांगत नाही तुम्ही. गोड देतात, गोड पिता. शुगर बघा किती झालीय.”

मुलाचे म्हणणे सत्य होते. माझे शिक्षण नववीपर्यंत. पत्नी शुभदा बँकेत अधिकारी. तिच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो आणि मी एका काँडो संकुलात पाण्याचे पंप सांभाळू लागलो. परक्या माणसापुढे माझी जीभ जड होते. येथे बिनसाखरेच्या चहाला ‘कोसोंग’ म्हणतात. तो एक शब्द अठरा वर्षे माझ्या वतीने तिनेच उच्चारला.

निवृत्तीनंतर तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला स्पॅनिशचा वर्ग लावला. दर शनिवारी चोआ चू कांगच्या घरून मी सोबत जात असे. त्या प्रवासालाही ती मला पासपोर्टची पिशवी गळ्यात घालायला लावी. “सराव हो,” ती म्हणे. वर्ग सुटल्यावर आम्ही इमारतीखालच्या बाकावर पोळीभाजी खात आणि पलीकडच्या दुकानातला चहा पीत असू.

“आता आपण स्पेनमध्ये, सेव्हियात आहोत. काय दिसतंय?”

“वाळत घातलेले कपडे.”

“तिथेही वाळत घालतात.”

त्या बाकावर मी जितके जग पाहिले, तितके अन्यत्र पाहिले नाही.

शिकलेली प्रत्येक स्पॅनिश म्हण ती देवनागरीत पट्टीवर लिहून स्वयंपाकघरातील एकेका डब्याला चिकटवी. मिठाच्या डब्यावरची घाईविषयी होती, तूरडाळीवरची शेजाऱ्यांविषयी. मी बसमागे धावू लागलो की ती नुसते “मीठ” म्हणे. रुचिरही तिने टोकण्याआधीच “ओके लाह, आई, मीठ, मीठ” म्हणून हसे.

चहाच्या डब्यावरची पट्टी शेवटची. तिचा अर्थ तिने सांगितला नाही. “तिकडे गेल्यावर कळेल. आधी पाठ करा.” अंथरुणाला खिळल्यावरही ती रोज सकाळी माझ्याकडून ते शब्द म्हणवून घेई आणि उच्चार सुधारी. तिच्या पश्चात चार महिने मी ते नित्यनेमाने म्हणत आलो. त्यात जीवनाचे काही मोठे सार असावे, अशी माझी श्रद्धा होती.

त्या दुपारी डबा पिशवीत घालून मी एकटाच टॅम्पिनीसला गेलो. वर्ग नुकताच सुटला होता. शिक्षिका मारिसोलबाईंना देवनागरी येत नव्हती, म्हणून मी डोळे मिटून म्हणून दाखवले, “बियाहो सोलो. उन ते सिन आसूकार, पोर फाबोर.”

बाई प्रथम हसल्या, मग थांबल्या. “उच्चार छान आहे,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “पण ही म्हण नाही. ‘मी एकटाच प्रवास करतो आहे. एक बिनसाखरेचा चहा द्या.’ शुभदाने माझ्याकडून तपासून घेतलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तर दोघं जाणार ना? ती म्हणाली, असू दे तसंच.”

“केव्हा?”

“जानेवारीत. चायनीज न्यू इयरच्या सुट्टीआधी.”

आजाराचा रिपोर्ट मला होळीनंतर कळला होता.

मी डबा पिशवीत ठेवला. त्याचे झाकण नीट बसेना. बाईंनी ते बसवून दिले.

खाली येतो तो रुचिरचा फोन. “बाबा, करू ना आता?”

“आईचं कर. माझं राहू दे.”

तो हळूच म्हणाला, “मीठ, बाबा.”

“घाई नाही रे करत,” मी म्हणालो.

बाकापलीकडे चहाचे दुकान आहे. तेथील बाईने मला ओळखले. माझ्यामागे कोणी येते आहे का, ते तिने पाहिले.

“वन ओन्ली, अंकल?”

“वन,” मी म्हणालो. “कोसोंग.”

चहा घेऊन मी बाकावर येऊन बसलो. समोरच्या इमारतीवर कपडे वाळत होते.