तेजाची पुडी

माधवनगरला बंद गिरणीमागच्या मंडपात दर गुरुवारी एवढी गर्दी व्हायची, की धडधाकट माणसालाही दम लागावा. मध्ये श्वासानंदबाबा. मला हसू यायचं. पण एवढी माणसं एकदम कशी चुकतील, मीच चुकत असेन, असं वाटून गप्प राहायचो.

"हळदीनं दम लागतोय म्हणणारा डॉक्टर नास्तिक!" बाबा गरजत. "हळद म्हंजी लक्षुमी! ही भस्माची पुडी घ्या, तेज चढंल!"

शेजारच्या हरिबानं सांगलीत तीस वर्षं हळद पॉलिश केली. तोंडाला फडकं नाही; हळद म्हणजे औषध, तिच्या धुळीनं काय होतंय, हा बाजाराचा सिद्धान्त. आता त्याला दोन पावलांत दम लागायचा. बाबांच्या शब्दावर त्यानं डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप कृष्णेत सोडला, पुडी सुरू केली आणि चौथ्या दिवशी चक्क जिना धावत चढला.

दोन महिन्यांत चेहरा टम्म. तहान भागेना.

"आवं काका, तोंड सुजलंय ह्यांचं," हरिबाची बायको दीपमाला मला म्हणाली.

"सूज न्हाई गं, तेज हाय!" हरिबा.

मग बाबा अनुष्ठानाला गेले, गोव्याला. हरिबाच्या खायच्या पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवशी हरिबा कोसळला, ओठ निळे. त्याच्या देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेली एकच पुडी उरली होती; ती मी भीत भीत खिशात घातली आणि त्याला मिरजेच्या इस्पितळात नेलं.

तिथं पुडी तपासायला दिली; चार दिवसांनी अहवाल आला. "भस्मात स्टेरॉइड आहे," तिथल्या डॉ. ज्ञानदा म्हणाल्या. "फुफ्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशी धूळ गिळतात, आणखी पेशींना बोलावतात. तीस वर्षं रोज धूळ, रोज लढाई. त्यांची हत्यारं आता ह्यांचंच फुफ्फुस पोखरताहेत. स्टेरॉइड त्यांना गप्प करतं, म्हणून बरं वाटलं. आम्हीही देतो, पण मोजून, नजर ठेवून. ह्यांची साखर चारशेवर गेली, चेहरा सुजला. आणि पुडी एकदम तुटल्यावर शरीर कोसळलं."

ऑक्सिजनच्या मास्कमधून हरिबा कुरकुरला, "पर म्याडम, जिना पळत चढलो की वो मी!"

"चढलात, औषधानं. बाबांनी फक्त त्याचं नाव लपवलं."

हरिबा वाचला. गेलेलं फुफ्फुस मात्र परत येत नाही.

गुरुवारी बाबा अजून गोव्यालाच होते, तरी मंडपात गर्दी होती. मी उभा राहिलो. अहवाल वाचला.

"बसा खाली, काका! लय शिकलाय व्हय?" कुणीतरी ओरडलं.

बसावंसं वाटलं. तरी बोललो, "पुडी फेकू नका. एकदम थांबवलीत तर हरिबासारखं होईल. उद्याच ती घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीत काय आहे, ते देणाऱ्याला विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका."