साठीपर्यंत

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पैलवानाने खांद्यावरचा पुतळा कठड्याला टेकवला आणि बुटाची नाडी सुटल्यासारखं करून तो खाली वाकला. नाडी घट्टच होती. वाळू भरलेला, माणसाच्या वजनाचा तो पुतळा सरावासाठी होता आणि मनोऱ्याच्या तळाशी साहेब घड्याळ धरून उभे होते. मागून येणाऱ्या जोडीदाराने, बगळ्याने, पुतळ्याचे पाय आपल्या खांद्यावर घेतले. उरलेले जिने दोघांनी मिळून उतरले. साहेबांना दिसेल अशा जागी आल्यावर बगळ्या अलगद मागे सरला.

"शाबास, पैलवान," साहेब म्हणाले. "आणखी पाच वर्षं आरामात काढाल."

पैलवान हसला. छातीचा भाता असा चालला होता की हसण्याखेरीज दुसरं काही जमलंच नसतं.

अग्निशमन केंद्रात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ऐन तरुणपणी त्याने पेटत्या घरातून एका बाईला शिवणयंत्रासकट उचलून आणलं होतं, कारण ती यंत्र सोडायला तयार नव्हती. तेव्हापासून तो पैलवान. लांब मानेचा, लांब तंगड्यांचा बगळ्या त्याच्या हाताखाली तयार झाला आणि मग त्याचा जोडीदार झाला. या वर्षी पंचावन्न पूर्ण करून पैलवान सुटायचा होता. तेवढ्यात वरून हुकूम आला: निवृत्ती साठीला. दरवर्षी ताकदीची चाचणी. नापास होईल तो घरी, तोही निम्म्या पेन्शनवर.

संघटनेने संपाचा ठराव आणला. मतदान शुक्रवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी बायको त्याच्या गुडघ्यावर गरम फडकं धरून बसली होती.

"उद्या बोलणार ना?"

"काय बोलू? माझे गुडघे दुखतात, तेव्हा लोकांना जळू द्या?"

"असं कशाला बोलायचं? मला माझा नवरा धडधाकट परत हवाय, असं सांगा."

"ते तू येऊन सांग."

ती हसली नाही. फडकं निवलं होतं. ते तिने पुन्हा गरम पाण्यात बुडवलं आणि पिळताना हात भाजला तरी पिळतच राहिली.

तिला ठाऊक होतं तो का अडखळतोय ते. बऱ्याच वर्षांपूर्वी पगारावरून असाच संप व्हायचा होता. तेव्हा पैलवान स्टुलावर चढून म्हणाला होता, "आपल्या मागे दुसरं कोणी नसतं. आपण नाही गेलो, तर कोणीच जात नाही." संप बारगळला होता. नव्या भरतीच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी तो हेच ऐकवायचा. पोरं ते पाठ म्हणायची, कधी गमतीने, कधी खरंच.

शुक्रवारी दोन्ही बंब अंगणात काढून सगळे गॅरेजमध्ये जमले. संघटनेचा सेक्रेटरी तळमळीने बोलला. साठीच्या माणसाच्या पाठीवर हवेचा सिलिंडर चढवून त्याला धुरात पाठवणं म्हणजे दोन मुडदे मागवणं आहे, तो म्हणाला. मग त्याने पैलवानाकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. पैलवानाने घसा खाकरला. जिभेवर आलं ते जुनंच वाक्य, ते त्याने गिळलं.

"बरं, संपाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाला.

पैलवानाने हात वर केला. गॅरेजमध्ये कुजबूज झाली. काही म्हाताऱ्या हातांनी त्याच्यामागोमाग वर यायचं धाडस केलं. पोरं मात्र एकमेकांची तोंडं बघत राहिली. शेजारी बगळ्या दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून उभा होता, थंडी वाजत असल्यासारखा.

ठराव थोडक्यात पडला.

पैलवान नळावर हात धूत असताना बगळ्या मागे येऊन उभा राहिला.

"काका, रागावलात?"

"नाही."

"तुम्हीच शिकवलंत. आता ते डोक्यातून कसं काढू?"

पैलवान नळ चालूच ठेवून उभा राहिला.

"आणि पाच वर्षांचा तर प्रश्न आहे," बगळ्या म्हणाला. "मी आहे की."

पिशवी उचलू का, असं विचारावं तितक्या सहज तो हे बोलला.

"तुझ्या साठीला कोण असेल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू!" बगळ्या हसला आणि त्याने हात लांब करून नळ बंद केला.

महिन्याभराने एका दुपारी वर्दी आली. सहा मजल्यांची इमारत, वरच्या मजल्यावर आग, जिन्यात धूर. नियम जोडीने जायचा होता आणि पाण्याचा पाइप ओढत दोघे जोडीनेच शिरले. पण धापा टाकताना पैलवानाच्या सिलिंडरमधली हवा भराभर संपली. तिसऱ्या मजल्यावर खिडकी फुटलेली होती आणि धूर जरा विरळ होता. तिथे त्याने मास्क ओढून काढला, हेल्मेट काढलं आणि तो पायरीवर मटकन बसला.

"खाली जा, काका."

"तू एकटा नको जाऊस."

"मग इथेच बसा. पाइप अडकला तर सोडवा. वर कोणीतरी ओरडतंय."

बगळ्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेला. धुराने आधी त्याचं डोकं गिळलं, मग पाठ, मग बूट. पैलवान पाइपावर हात ठेवून बसला. पाइप वर सरकत होता तोवर ठीक होतं. मग तो सरकायचा थांबला. अडकला होता की बगळ्या थांबला होता, ते हाताला कळेना. तो कठड्याला धरून उठू लागला. निम्मा उठला आणि गुडघ्याने दगा दिला.

वरून एक म्हातारी उतरत आली. तोंडाला ओला टॉवेल, डोळ्यांवर चष्मा नाही, एका हाताने भिंत चाचपत. तिचा पाय पैलवानाच्या पाठीला लागला.

"अगं बाई! कोण आहे? इथे काय बसलात भाऊ?"

तो खोकला.

"घाबरून गेलात का? उठा बघू. असं बसून नाही चालायचं." तिने त्याच्या दंडाला धरलं. कोटाचं जाड कापड तिच्या बोटांना कळलं नाही, की कळूनही तिकडे लक्ष गेलं नाही. "बंबवाले आलेत. वर एकजण गेलाय, माझ्या बाजूनेच धडाधड पायऱ्या चढत. तरणाताठा आहे. तो बघेल सगळं. आपण उतरू."

पैलवानाने वर पाहिलं. जिन्याला वळण होतं तिथे आता वळणही दिसत नव्हतं.

"बगळ्या!" त्याने हाक मारली. ती त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंतही धड पोचली नाही.

"या," म्हातारी म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठेवा. ठेवा हो, मी पडत नाही."

त्याने पाइपावरचा हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. हाडकुळा, उबदार खांदा होता. म्हातारी एक पायरी उतरली, त्याच्यासाठी थांबली.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."